नेम आणि हेडलाइट

आषाढी एकादशीला मी दर वर्षी चार महिन्यांसाठी काहीतरी सोडते. एकदा वांगं सोडलं, एकदा मीठ, एकदा गादी. सोडलेल्या वस्तूची थोडे दिवस आठवण येते, मग तीच आपल्याला विसरते. म्हणून यंदा जरा अवघड नेम धरला. कार्तिकीपर्यंत कोणाचंही उणं तोंडातून काढायचं नाही. तोंडावर नाही आणि पाठीमागेही नाही.

शेजारच्या सरलाबाई परभणीकडच्या. तुळशीला पाणी घालताना मी त्यांना हे सांगितलं, तेव्हा त्या हातात झाडू धरून तशाच उभ्या राहिल्या.

"अवो प्रमिलाताई, त्याच्यापरीस परत वांगं सोडा. हे झेपायचं नाही तुम्हाला."

"मी कुठे कोणाला मोठ्यानं बोलते?"

"सुई बी मोठ्यानं बोलत नाही," त्या म्हणाल्या.

मग आठवडाभर त्यांनी माझी परीक्षा पाहिली. करपलेलं थालीपीठ आणून दिलं आणि खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, कुरकुरीत झालंय. नवी साडी दाखवली, तिच्या पदरात धागा ओढला गेलेला. मी म्हटलं, रंग खुलतो तुम्हाला. शेवटी त्याच कंटाळल्या. "तुमच्याशी बोलण्यात मजाच राहिली नाही," म्हणाल्या आणि झाडायला लागल्या.

घरात मात्र ह्या नेमाचा एका माणसाला फार आनंद झाला.

आमचे हे म्हणजे भाईदास मास्तर. मास्तर शाळेचे नव्हेत; लिंबायतला कापड विणायच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, सगळा जन्म गेला. खात्यात सगळे लूम धडधडत असताना हे नुसते दारात येऊन उभे राहायचे आणि तिथूनच सांगायचे, त्या कोपऱ्यातल्या मशीनवर धाग्याची तार तुटली. कारीगर जाऊन बघायचा, तर तुटलेली असायची. हात आता थरथरतात, गुडघे दुखतात, कामावरून केव्हाच उतरले; तरी शेठ दुपारनंतर बोलावून घेतो. नजरेसाठी बोलावतो. नवे पोरगे मशीन खोलून बघतात, हे बघून मशीन खोलतात, असं शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. घरी येऊन हे मला तेच सांगतात. मीही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते.

खात्यात जायचं ते स्कूटरवर. निळी, पत्र्याची, हातानं गिअर टाकायची. आमचा योगराज जन्मला त्या वर्षी घेतलेली. योगराजला आता चष्मा लागला, पोट सुटलं. स्कूटर आहे तशी आहे. रस्त्यात अनोळखी पोरं थांबवून विचारतात, काका, विकायची का? हे उत्तर देत नाहीत. फक्त रेस देतात.

ह्या स्कूटरवरून दर संकष्टीला हे मला चंद्र दाखवायला नेतात. नवागामला आमच्या गल्लीत घरं इतकी अंगावर आली आहेत की चंद्र आमच्या दारात पोहोचेपर्यंत लोकांची एक झोप होते. मी लग्नाआधीपासून संकष्टी करते; चंद्राला पाणी दिल्याशिवाय घास घेत नाही. म्हणून ताम्हण, पळी, फूल पिशवीत घेऊन मी मागे बसते आणि आम्ही डिंडोलीच्या रेल्वेपुलावर जातो. तिथून चलथाणच्या बाजूचं आभाळ मोकळं दिसतं. ह्यांना देवाधर्माचं फार नाही. पण हे एक त्यांनी कधी चुकवलं नाही. एकदा ताप होता तर मफलर बांधून आले.

तर आषाढ सरता सरता हे एका संध्याकाळी घरी आले ते गुडघा फोडून. रेल्वेखालच्या गरनाळ्यात कापडाचे ताके लादलेल्या हातगाडीला मागून धडकले होते. ताके म्हणून वाचले, मऊ होते.

"लाइट बारीक पडस," हे म्हणाले. घरात हे अहिराणीच बोलतात. "गरनाळामां काहीच दिसत नही. हातगाडीवालानं लाल कापड बी बांधेल नव्हतं."

मागोमाग योगराज घरी आला. तो हातगाडीवाल्याला भेटून आला होता. "पप्पा, कपडा बांधेलो हतो. एवढा मोठा," तो हात पसरून म्हणाला. तो मोबाइलच्या दुकानात बसतो. अर्धं गुजराती तिथंच ठेवून यायचं त्याला जमत नाही.

"मंग लाइटच बारीक शे," हे म्हणाले.

मी हळद गरम करत होते. मला माहीत होतं. माझ्या आईचंही असंच झालं होतं. ह्यांच्या बुबुळात उजेड पडला की आत साय धरल्यासारखं दिसायचं. पेपर हल्ली फक्त मोठ्या अक्षरांचा वाचायचे आणि म्हणायचे, आता बातम्याच कमी येतात. मेथी आणायला सांगितली तर कोथिंबीर आणली. मी कोथिंबिरीची भाजी केली. कशी झाली, त्यांनी विचारलं. ताजी होती, मी म्हटलं. एकदा गल्लीत पांढरी गाय आडवी बसली होती, तर हे हॉर्न वाजवून तिला म्हणाले, "बेन, जरा साइडमां." गाय उठली. तेव्हा ती कोणी बाईच, हा त्यांचा समज पक्का झाला.

पण सांगायचं कसं? तुम्हाला दिसत नाही, हे उणं काढणंच झालं. आणि उणं तरी कसलं, ज्यासाठी शेठ बोलावतो तेच. योगराजच्या कानात घालावं, तर ते पाठीमागे काढलेलं उणं, वर चुगली. आषाढी नुकतीच झालेली. कार्तिकी लांब.

लाइट बारीक होती हेही काही खोटं नव्हतं. ह्या स्कूटरला बॅटरीच नाही. इंजिन फिरेल तेवढी वीज. रेस दिली की दिवा मोठा व्हायचा, सोडली की निरांजनासारखा. गल्लीच्या तोंडाशी वळताना तो मिणमिण करायचा आणि दारापाशी शेवटची रेस दिली की एकदा भरून यायचा. मी त्यावरून चहा टाकायची.

"एलईडी टाकू," योगराज म्हणाला. "छोटासा बल्ब, पण आखी गल्ली उजळे. पण पप्पा, त्यानंतर पण कुठे ठोकलं ना, तर स्कूटर विकायची. मम्मी मागे बसते तुमच्या."

"विकी टाक," हे म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मला काळजी वाटली.

वाल्मिकचं गॅरेज गरनाळ्याच्या अलीकडे आहे. आमच्या अमळनेरकडचाच. त्यानं स्कूटरकडे बघितलं, योगराजनं आणलेल्या बल्बकडे बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, हाई लाइट म्हंजे म्हातारी सासू शे, तिले नवी सून देतस का? जमाव नही त्यासनं. हिचा करंट हालत येस, वरखाली. एलईडीले सरळ करंट लागस."

"टाकी तर दख," हे म्हणाले.

टाकून दिला. संध्याकाळी हे गल्लीत शिरले तेव्हा दिवा इतका लुकलुकत होता की भिंतीवर स्कूटर नाचत असल्यासारखी दिसली. गल्लीतल्या पोरींनी टाळ्या धरल्या. "मास्तर, नवरात्र लवकर बसलं का हो?" ह्यांनी दारापाशी सवयीनं शेवटची रेस दिली आणि बल्ब गेला.

"कसा व्हता?" त्यांनी मला विचारलं.

"गेला त्याआधी चांगला होता," मी म्हटलं.

श्रावणात घरात कानबाई बसली, तिच्या नैवेद्याचे रोट झाले, आणि मग वाल्मिकनं बेत पूर्ण केला. करंट सरळ करायची एक डबी बसवली, डिकीत लहान बॅटरी ठेवली, वायरी नव्या ओढल्या. हे त्याच्याशेजारी स्टुलावर बसून राहायचे आणि प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते विचारायचे. ते खात्यातही असंच करायचे. फरक एवढाच की इथे वायर कुठली लाल नि कुठली काळी हे वाल्मिकला सांगावं लागत होतं. "तुन्हा शेडमां अंधार शे," हे म्हणायचे. वाल्मिकनं शेडमध्येही एलईडी लावला.

नवी लाइट लागली ती खरंच दिपवणारी. पांढरीफटक. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीला पडदा लावला. पण स्कूटरची काच जुनी, जुन्या बल्बासाठी घडवलेली. उजेड रस्त्यावर पडायचा त्यापेक्षा जास्त वर, समोरच्याच्या तोंडावर जायचा. समोरून येणारे ओरडायचे, "ओ काका, डिपर मारो ने!"

हे खूश व्हायचे. "दख, त्यासले बी दिसस."

आणि दिसत मात्र ह्यांना पहिल्यापेक्षा कमी होतं. एकदा जेवताना म्हणाले, हल्ली प्रत्येक रिक्षाच्या लाइटमागे प्रभावळ दिसते, देवाच्या मूर्तीमागे असते तशी. दुसरं कोणी म्हटलं असतं तर मी हात जोडले असते.

मी माझ्यापुरता एक मार्ग काढला. गाय आहे हे सांगणं म्हणजे कोणाचं उणं काढणं नव्हे. तिथं गाय असते. म्हणून मागे बसले की मी हळू आवाजात म्हणत राहायची, "गाय. खड्डा. हातगाडी. शाळेची पोरं. गाय." ह्यांना वाटायचं मी नामस्मरण करते. एकदा सरलाबाईंना म्हणाले, "मागे बसीसनी बी जप चालू ऱ्हास हिना." सरलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला.

पण मी रोज मागे नसायची. भादव्यात गल्लीत सिमेंटचा रस्ता करायला घेतला. सकाळी मुकादमानं ओलं सिमेंट सपाट केलं, कडेला गोणपाट, दोरी, दोरीला लाल चिंध्या, सगळं केलं. संध्याकाळी हे खात्यातून आले ते दोरीसकट आत. पुढचं चाक रुतलं तरी रेस देत राहिले. मधोमध पोहोचल्यावर थांबले आणि विचारलं, "इतला चिखल कसा काय?"

तो चाकाचा माग गल्लीत अजून आहे. पहिल्यांदा येणाऱ्या पाव्हण्याला आम्ही घराची खूण म्हणून तोच सांगतो.

योगराज त्या रात्री ओरडला नाही, हे वाईट. ओरडला असता तर ह्यांनीही ओरडून घेतलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, घटस्थापनेआधी गिऱ्हाईक बघतो. आता लाइट नवी छे. आता काय कमी छे, तुम्ही सांगा."

हे खाटेवर बसून चपलेचं सिमेंट खरवडत होते. "पांढरी लाइटमां रंग समजतस नही," ते म्हणाले. "पिवळा कागद लावना पडी काचवर."

"स्कूटर नसेल तर खात्यात कसे जाल?" उज्ज्वलानं, माझ्या सुनेनं, मध्येच विचारलं. तिला वाटलं तिनं बाजू घेतली.

"रिक्षानं जाईन," हे म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "रिक्षामांतून उतरस त्याले कोनी मास्तर म्हनत नही. शेठ म्हनी, काका, घर बठा, आराम करा."

मी ताटं घेतली. माझ्या तोंडात एक वाक्य आषाढापासून बसून होतं. ते त्या दिवशी दातांपर्यंत आलं. मी त्यावर पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी निराळा उपाय करून पाहिला. चतुर्थीची पोथी त्यांच्या हातात दिली. माझा आवाज बसलाय, तुम्ही वाचा, मी ऐकते, असं म्हटलं. आवाज बसलाच होता. माझा बसलेलाच असतो. वाटलं, अक्षर दिसलं नाही की आपणच कबूल होतील. त्यांनी पोथी उघडली, उलटी धरली आणि खणखणीत आवाजात कथा सांगायला लागले. ती चतुर्थीची नव्हती. लहानपणी गावात ऐकलेली कुठली तरी होती. तिच्यात एक कोल्हा होता. मी शेवटपर्यंत हात जोडून ऐकली. कोल्ह्याचं भलं झालं.

मग संकष्टी आली. पितृपक्षातली. दिवसभर आभाळ येऊन जाऊन होतं, संध्याकाळी मोकळं झालं. योगराज म्हणाला, मम्मीला मी बाइकवर नेतो. हे आधीच टोपी घालून बसले होते. "हिनी चतुर्थी शे, मन्ही स्कूटर शे. तुन्हं काय काम?" म्हणाले. काचेवर वाल्मिकनं पिवळा कागद चिकटवून दिला होता.

जाताना मी माझा जप केला. गायी कमी होत्या. ह्यांनी नेहमीपेक्षा हळू चालवली. दोनदा उगाच ब्रेक मारला, समोर काही नसताना. पुलावर कठड्याशी स्कूटर लावली. इंजिन बंद केलं, दिवा तसाच ठेवला. आता बॅटरी होती. त्यांना ते दाखवायला आवडायचं.

खाली यार्डात मालगाडीचे डबे उभे होते. वारा होता. मी पिशवीतून ताम्हण काढलं, कठड्यावर ठेवलं, पळी, फूल, अक्षता काढल्या. कॅलेंडरात दिलेली वेळ होत आली होती. चलथाणच्या बाजूला अजून काळंच होतं.

"उगना," हे म्हणाले.

मी वर पाहिलं.

ह्यांनी टोपी काढली होती आणि हात जोडले होते. समोर चंद्र नव्हता. यार्डात उंच खांबावर रेल्वेचा दिवा असतो, मोठा, पांढरा, तो लागला होता. त्याच्याकडे तोंड करून हे डोळे मिटून उभे होते. नीट, मनापासून. दर संकष्टीला मी पाणी सोडेपर्यंत ते असेच उभे राहतात.

"केवढा मोठा शे आज," डोळे उघडून ते म्हणाले. "आखी प्रभावळ शे मांगे. टाक पानी. सकायपासून तुले पोटमां काही नही."

मी पळी हातात घेतली.

गाय आहे हे सांगणं वेगळं. तो चंद्र नाही हे सांगणं म्हणजे तुम्हाला दिसत नाही हे सांगणं. ते सांगितलं तर चातुर्मासाचा नेम मोडतो. न सांगता दिव्याला पाणी सोडलं, घरी जाऊन जेवले, तर संकष्टी मोडते. एक नेम चार महिन्यांचा आणि एक जन्माचा. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला दोन्ही नेमांपेक्षा जास्त भीती घरी परत जायच्या रस्त्याची वाटली. त्या रस्त्यावर माणसं होती, पोरं होती, आणि ह्यांना रेल्वेचा दिवा चंद्र दिसत होता.

मी पळी ताम्हणात ठेवून दिली.

"काबर वं?" ह्यांनी विचारलं. "टाक ना."

"थांबस जरासी."

"काबर पन?"

"अजून एक उगनार शे," मी म्हटलं.

हे हसले. "एक चतुर्थीले दोन चंद्र? तुन्हा उपास डोकामां गया."

"हो," मी म्हटलं. उपास डोक्यात जातो हे खरं आहे. त्यात कोणाचं उणं नाही.

ते थांबले. आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो. एक मालगाडी खालून गेली, तिचे डबे संपता संपेनात. ह्यांनी मध्ये एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी चलथाणकडे बघत होते. माझं तोंड तिकडेच का, हे त्यांनी विचारलं नाही. पण मी कुठे बघते ते ते बघत होते.

मग उगवला. रुळांच्या वर, धुरातून, तांबूस, एका बाजूनं झिजलेला. दर वेळी असतो तसाच. मी फूल, अक्षता घेतल्या, पळीनं पाणी सोडलं, नमस्कार केला. हे सगळं मी यार्डाकडे पाठ करून केलं. मला त्याशिवाय करताच आलं नसतं.

झाल्यावर मी मागे वळले. त्यांची टोपी हातातच होती.

"कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरलं आणि बोट तिकडे केलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. डोळे बारीक केले, मोठे केले, एक मिटून पाहिलं, मग दुसरा. "धूर दिसस तथा," ते म्हणाले.

"हो. धूर पण शे."

मग त्यांनी सावकाश मान वळवून यार्डातल्या दिव्याकडे पाहिलं. तो जागच्या जागी होता. चंद्र एवढ्या वेळात थोडा वर सरकतो. दिवा सरकला नव्हता. मशीनसमोर उभे राहतात तसे ते उभे होते, दोष कुठे आहे ते शोधत.

"म्हंजे मी रेल्वेनी लाइटले नमस्कार कया," ते म्हणाले.

"नमस्कार वाया जात नही."

"त्या हातगाडीवालानं लाल कापड बांधेल व्हतं."

मी पळी पिशवीत घातली.

"आनि सिमेंटले दोरी व्हती."

मी ताम्हण पुसत होते.

त्यांनी स्कूटरकडे पाहिलं. तिचा दिवा कठड्यावर पडला होता, पिवळा, ठसठशीत. कठड्याच्या सिमेंटमधली खडी न् खडी दिसत होती. मला.

"बल्ब बराबर शे," ते म्हणाले.

टोपी घातली. चावी काढायला हात घातला, मग तशीच ठेवली; चावी काढली असती तर दिवा गेला असता. स्टँडवरून स्कूटर उतरवली आणि हँडल धरून ढकलत चालायला लागले. मी दुसऱ्या बाजूनं मागच्या सीटला हात लावला. उतार होता, जड गेलं नाही. दिवा पुढे चालत होता. पुलाखाली रस्त्याला पाण्याचं मोठं डबकं होतं. ते मला लांबूनच दिसलं आणि मी ते सांगितलं. "डावीकडे घ्या," एवढंच म्हटलं. त्यांनी डावीकडे घेतली.

गल्लीच्या तोंडाशी योगराज उभा होता. "शुं थयुं? बंद पडली?"

"बंद नही पडनी," हे म्हणाले. "स्कूटर चांगली शे. मन्हा डोळा दखाडना शे. पितृपक्षमां नको. घट बठे तवय."

योगराजनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला भूक लागली आहे.

नवरात्रात डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्यात एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दिवाळीआधी दुसऱ्याचा. डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाली, इतके दिवस तुम्ही गाडी चालवत होता कशी? हे म्हणाले, मागे बाई जप करायची.

दिसायला लागल्यावर घरात जरा त्रास झाला. ह्यांना सगळंच दिसायला लागलं. छताच्या कोपऱ्यातलं जाळं, फ्रीजखालचा कांदा, उज्ज्वलाच्या भांड्यांवरचा साबण. ह्यांचा कसला नेम नव्हता, त्यामुळे ते लगेच सांगत. एक दिवस माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुन्हा केस कव्हय पांढरा व्हयनात?" सावकाश झाले, मी म्हटलं.

खात्यात गेले त्या दिवशी दारात उभे राहूनच त्यांनी तार दाखवली. कारीगर पळत गेला. तुटलेली होती. हे त्यांनी घरी येऊन सांगितलं, जेवताना सांगितलं आणि सरलाबाईंना हाक मारून सांगितलं.

स्कूटर विकायचं योगराजनं परत काढलं नाही.

कार्तिकी झाली. मी देवापुढे नेम सोडला. सरलाबाई सकाळीच येऊन बसल्या होत्या, चार महिन्यांचं तुंबलेलं ऐकायला. मी त्यांना चहा दिला. आठवेना. "एवढं सगळं साचवून ठेवलं आणि आता आठवंना व्हय?" त्या रागानं म्हणाल्या. जाताना स्वतःच म्हणाल्या, "ते थालीपीठ करपलं व्हतं." हो, मी म्हटलं. खूप. त्यांना बरं वाटलं.

त्याच आठवड्यात ह्यांनी वाल्मिककडून एलईडी काढून घेतला. "डोळामां घुसस," म्हणाले. "समोरना लोके बिचारा आंधळा व्हतस." कागद सोलून काढला, बॅटरी काढली, डबी काढली, जुना पिवळा बल्ब जुन्या जागी लावला. वाल्मिक म्हणाला, मास्तर, श्रावणापासून मी काय मग फुगड्या खेळत होतो का? हे म्हणाले, वायरिंग चांगलं केलंस.

पुढच्या संकष्टीला आम्ही पुलावर निघालो. मी मागे ताम्हणाची पिशवी धरून बसले होते. दिवा पहिल्यासारखाच झाला होता. रेस दिली की मोठा, सोडली की निरांजन. गरनाळ्याच्या आधी गर्दी होती, हे हळू झाले, दिवा मिणमिणला आणि पुढचं सगळं काळं झालं. नेम सुटला होता. मी पहिल्यांदाच मोकळ्या मनानं बोलले.

"लाइट बारीक पडस," मी म्हटलं. "माले काहीच दिसत नही."

ह्यांनी मान न वळवता गिअर टाकला.

"लाइट चांगली शे," ते म्हणाले. "तू डोळा दखाड."

पुढच्या आषाढीला मी परत वांगं सोडणार आहे.